तंत्रज्ञान कंपन्या आपली बौद्धिक संपदा कशी जपतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेटंट, कॉपीराइट आणि कंपनीची गुपितं यांबद्दल लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे त्यांच्याच शब्दांत दिले आहेत. प्रश्न वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते. चोरीची भीती सगळ्यांना असते, पण घात बहुधा दोनच गोष्टींनी होतो: वेळेआधी बोलणं आणि वेळेवर कागद न करणं. त्यामुळे खालच्या उत्तरांत कायद्याच्या कलमांपेक्षा या दोन गोष्टी जास्त वेळा येतील.

१. बौद्धिक संपदा म्हणजे पेटंटच ना?

पेटंट हा तिचा एक भाग. हातातला फोनच बघा. सिग्नल पकडण्याची त्यातली पद्धत पेटंटखाली येते, सॉफ्टवेअरचा कोड कॉपीराइटखाली, मागचं नाव आणि चिन्ह ट्रेडमार्कखाली, बाहेरचा आकार डिझाइनच्या नोंदणीखाली. चिपवरच्या मांडणीला बऱ्याच देशांत वेगळा कायदा आहे. आणि ती चिप बनवताना कुठल्या टप्प्याला किती तापमान ठेवलं, हे कुठेच नोंदवलेलं नसतं. ते ट्रेड सिक्रेट, म्हणजे व्यापारी गुपित.

मुदतीही वेगवेगळ्या. पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. कॉपीराइट त्याहून कितीतरी लांब. ट्रेडमार्क वापरत आणि नूतनीकरण करत राहिलात तर संपतच नाही. गुपित मात्र फुटेपर्यंत, मग ते उद्या फुटो की शंभर वर्षांनी.

२. माझ्याकडे एका अ‍ॅपची जबरदस्त कल्पना आहे. ती माझ्या नावावर करता येईल का?

नुसती कल्पना कोणाच्याच नावावर होत नाही. १ जानेवारी १९९५ पासून लागू झालेल्या ट्रिप्स करारात (जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदेबद्दलचा करार) हे स्पष्ट लिहिलं आहे: कॉपीराइट मांडणीला मिळतो, कल्पना, कार्यपद्धती किंवा गणिती संकल्पना यांना नाही. पेटंटसाठीसुद्धा ‘असं काहीतरी हवं’ एवढं पुरत नाही. ते कसं चालतं, हे त्या क्षेत्रातल्या जाणकाराला वाचून बनवता येईल इतकं सविस्तर लिहावं लागतं.

तोवर कल्पनेला एकच आधार आहे: ती कोणाला आणि कुठल्या अटीवर सांगितली. म्हणून सांगण्याआधी गोपनीयतेचा करार, ज्याला सगळे एनडीए म्हणतात. बैठक झाल्यावर केलेला एनडीए म्हणजे वरातीमागून घोडं.

३. कोड लिहून झाला. कॉपीराइटसाठी कुठे नोंदणी करायची?

बहुतेक देशांत कुठेच नाही. कॉपीराइटबद्दलच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातून हे तत्त्व रुजलं की हक्क कृतीबरोबरच जन्माला येतो. प्रोग्राम, मग तो माणसाने लिहिलेला सोर्स कोड असो की मशीनला कळणारा ऑब्जेक्ट कोड, साहित्यकृतीसारखाच धरला जातो. तरी नोंदणीचा उपयोग आहे. तारखेचा पुरावा मिळतो, आणि अमेरिकेत तर तिथल्या कृतीबद्दल दावा लावण्याआधी नोंदणी लागतेच.

कॉपीराइट तुमच्या ओळींची नक्कल थांबवतो. तेच काम करणारा प्रोग्राम दुसऱ्याने स्वतःच्या ओळींत लिहिला, तर कॉपीराइटचं काही चालत नाही. (कोड पैसे देऊन लिहून घेतला असेल तर आधी प्रश्न ९ वाचा.)

४. सॉफ्टवेअरला पेटंट मिळतच नाही असं ऐकलं. खरं आहे का?

अर्धं खरं. युरोपचा पेटंट करार ‘निव्वळ’ संगणक प्रोग्रामला नाकारतो, पण त्यातून तांत्रिक परिणाम साधत असेल तर दार उघडतं. भारताच्या पेटंट कायद्याचं कलम ३ (के) हेही निव्वळ प्रोग्रामलाच वगळतं. अमेरिकेत एकेकाळी हात सैल होता; जून २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅलिस विरुद्ध सीएलएस बँक या खटल्यात सांगितलं की जुनीच अमूर्त कल्पना संगणकावर चालवली म्हणून ती शोध ठरत नाही. त्यानंतर अनेक सॉफ्टवेअर पेटंट्स कोर्टात टिकली नाहीत.

काम करताना एक कसोटी उपयोगी पडते. तुमच्या पद्धतीमुळे यंत्र स्वतः काही चांगलं करतं का? मेमरी कमी लागते, सिग्नल स्वच्छ होतो, संदेश सुरक्षित जातो? उत्तर ‘हो’ असेल तर पेटंट वकिलाकडे जाण्यात अर्थ आहे. ‘व्यवहार सोपा होतो’ एवढंच असेल तर वाट अवघड आहे.

पेटंट मिळालं म्हणजे फायदा झालाच असंही नाही. जीआयएफ चित्रांमध्ये वापरलेल्या एलझेडडब्ल्यू या आकुंचन पद्धतीचं पेटंट युनिसिस या संगणक कंपनीकडे होतं. जीआयएफ १९८७ पासून सर्रास वापरात होतं, आणि १९९४ च्या शेवटी लायसन्स फी मागितली जाणार हे जाहीर झालं. चिडलेल्या प्रोग्रामरांनी एकत्र येऊन पीएनजी हा नवा, पेटंटमुक्त प्रकार तयार केला. अमेरिकेतलं ते पेटंट २००३ मध्ये संपलं. पीएनजी आजही सगळीकडे आहे.

५. आम्ही उत्पादन परिषदेत दाखवून बसलो. आता पेटंट मिळेल का?

देशावर अवलंबून. पेटंटला शोध नवा लागतो, आणि तुम्ही स्वतःच जगाला सांगितलेली गोष्टही ‘जुनी’ धरली जाते. अमेरिकेत शोधकाला स्वतःच्या प्रसिद्धीनंतर एक वर्षाची सवलत आहे. युरोपात फार मोजके अपवाद सोडले तर अशी सवलत नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे आरएसए. इंटरनेटवरचे व्यवहार ज्या सांकेतिक पद्धतीच्या आधारावर सुरक्षित झाले, ती पद्धत ऑगस्ट १९७७ मध्ये छापून आली आणि पेटंटचा अर्ज गेला डिसेंबर १९७७ मध्ये. मधल्या चार महिन्यांनी जगातल्या बहुतेक देशांचं दार बंद झालं. अमेरिकेत १९८३ मध्ये पेटंट मिळालं आणि ते २००० पर्यंत चाललं. बाकी जगात तीच पद्धत कोणालाही मोकळी होती.

परिषद, प्रबंध, ब्लॉग, गुंतवणूकदारांना पाठवलेली स्लाइड, गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर चुकून उघडी राहिलेली रेपॉझिटरी (कोडचा साठा): यातलं काहीही ‘प्रसिद्धी’ ठरू शकतं. आधी अर्ज, मग टाळ्या. सविस्तर अर्जाला वेळ लागणार असेल तर अनेक देशांत तात्पुरता अर्ज करून तारीख धरता येते आणि पुढचे १२ महिने मिळतात.

६. पेटंट घ्यावं की गोष्ट गुपितच ठेवावी?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि तो फार उशिरा विचारला जातो.

पेटंट हा एक सौदा आहे. तुम्ही जगाला सगळं उघड सांगायचं, बदल्यात काही वर्षं इतरांना ते वापरण्यापासून रोखता येतं. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, तो मंजूर होवो की न होवो. गुपितात उलट आहे: काहीच सांगायचं नाही, फीही नाही, पण दुसऱ्या कोणी तीच गोष्ट स्वतःच्या डोक्याने शोधली तर त्याला अडवता येत नाही.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: उत्पादन हातात आल्यावर स्पर्धकाला आतलं कळेल का? कळणार असेल तर गुपित टिकणारच नाही, पेटंट घ्या. फोनची बिजागरी, कॅमेऱ्याच्या भिंगांची रचना, वायरलेस सिग्नलची पद्धत या सगळ्या उघड्या गोष्टी. जे बंद दारामागे घडतं, म्हणजे कारखान्यातली प्रक्रिया किंवा सर्व्हरवर चालणारी आकडेमोड, ते गुपित राहू शकतं. दुसरा प्रश्न: नक्कल झाली तर तुम्हाला कळेल का? स्पर्धकाच्या सर्व्हरवर काय चाललं आहे हे दिसणारच नसेल, तर तिथलं पेटंट म्हणजे त्याला फुकट दिलेली कृती.

गुगलने दोन्ही केलं. पेजरँक, म्हणजे वेबपानांचा क्रम लावण्याची मूळ पद्धत, हिचं पेटंट स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नावावर २००१ मध्ये मिळालं आणि गुगलने ते लायसन्सवर घेतलं. विद्यापीठाला त्याबद्दल मिळालेले शेअर्स २००५ मध्ये ३३.६ कोटी डॉलरना विकले गेले. पण नंतर शोध-निकाल लावण्यासाठी जे असंख्य बारकावे जोडले गेले, त्यांचा नेमका हिशेब गुगलने कधी पूर्ण उघड केला नाही. मूळ तत्त्व पेटंटमध्ये, रोजची सुधारणा तिजोरीत. आमच्या मते बहुतेक कंपन्यांसाठी हीच विभागणी शहाणपणाची आहे.

७. गुपित ‘जपलं’ हे कोर्टाला कसं पटवायचं?

ट्रिप्सच्या कलम ३९ प्रमाणे तीन गोष्टी लागतात: माहिती खरोखर गुप्त हवी, गुप्त असल्यामुळे तिला मोल हवं, आणि ती गुप्त ठेवण्यासाठी तुम्ही वाजवी काळजी घेतलेली हवी. दावे कोसळतात ते बहुधा तिसऱ्यावर. फाइलवर ‘गोपनीय’ लिहिलं, पण पासवर्ड अख्ख्या ऑफिसला ठाऊक, तर न्यायाधीश पहिला प्रश्न तोच विचारतील.

चांगल्या कंपन्या आधी यादी करतात: आपली गुपितं नेमकी कोणती? मग ज्याला कामासाठी लागतं त्यालाच प्रवेश, कोणी काय उघडलं आणि उतरवून घेतलं याचा लॉग, पुरवठादारांना पूर्ण आराखडा न देता आपापल्या तुकड्यापुरतं चित्र, आणि नोकरी सोडताना समोर बसून झालेलं बोलणं.

लॉगचं महत्त्व वेमो (गुगलच्याच समूहातली चालकविरहित गाड्यांची कंपनी) विरुद्ध उबर या खटल्यात दिसलं. डिसेंबर २०१६ मध्ये एका पुरवठादाराचा ईमेल चुकून वेमोकडे आला. त्याला उबरच्या लिडारच्या (लेसरने अंतर मोजणारं साधन) सर्किट बोर्डाचा आराखडा जोडलेला होता आणि तो वेमोच्या स्वतःच्या बोर्डासारखा दिसत होता. एका माजी अभियंत्याने जाण्याआधी १४,००० हून अधिक फाइली उतरवल्या, असा वेमोचा आरोप होता, आणि आकडा एवढा नेमका सांगता आला तो नोंदींमुळे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुनावणी सुरू झाल्यावर काही दिवसांतच तडजोड झाली: उबरचे सुमारे २४.५ कोटी डॉलर किमतीचे शेअर्स वेमोला मिळाले.

८. मी नोकरी बदलतोय. माझ्या डोक्यातलं ज्ञान कंपनीचं की माझं?

कसब तुमचं, गुपित कंपनीचं. भाषा, साधनं, अडचण सोडवण्याची रीत, चुकांतून आलेली जाण तुमच्याबरोबर जाते. जुन्या कंपनीचे आकडे, ग्राहकांच्या अटी, अप्रसिद्ध आराखडे जात नाहीत, अगदी पाठ असले तरी. सीमारेषा अंधुक आहे हे खरं, पण एक गोष्ट अजिबात अंधुक नाही: एकही फाइल सोबत नेऊ नका. ‘माझंच तर काम आहे, नमुना म्हणून ठेवतो’ हा विचार चांगल्या चांगल्या माणसांना महागात पडला आहे.

स्पर्धकाकडे जायचंच नाही, अशा अटी सगळीकडे चालत नाहीत. कॅलिफोर्नियात त्या जवळजवळ पूर्णपणे निरर्थक आहेत, आणि सिलिकॉन व्हॅली तरीही, कदाचित त्यामुळेच, वाढली. नव्या कंपनीनेही पहिल्याच दिवशी लेखी सांगावं: जुन्या ठिकाणचं काही आणू नका.

९. फ्रीलान्सरला पूर्ण पैसे दिले. कोड आमचाच झाला ना?

आपोआप नाही. नोकरदाराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड बहुतेक देशांत कंपनीचा असतो. बाहेरच्या माणसाचा कोड लेखी हस्तांतर होईपर्यंत सहसा त्याचाच राहतो. तुम्हाला फार तर वापरण्याची मुभा मिळते. गुंतवणूकदाराचे वकील तपासणीला बसले की पहिलं भोक इथेच सापडतं. संस्थापकांनी कंपनी स्थापन होण्याआधी लिहिलेला कोडही याच यादीत.

शब्दसुद्धा जपून. स्टॅनफर्ड विरुद्ध रोश या खटल्यात संशोधकाने विद्यापीठाला ‘हक्क देण्यास सहमत आहे’ असं लिहून दिलं होतं, आणि नंतर एका कंपनीला (जिचे हक्क पुढे रोशकडे गेले) ‘याद्वारे हक्क देत आहे’ असं. दुसरा करार जिंकला, कारण पहिल्यात नुसतं वचन होतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २०११ मध्ये विद्यापीठ हरलं.

१०. दुसऱ्याचं उत्पादन उघडून आत कसं चालतं ते पाहणं म्हणजे चोरी का?

रीतसर विकत घेतलेली वस्तू उघडून पाहणं, म्हणजे रिव्हर्स इंजिनिअरिंग, अमेरिकेत आणि युरोपात गुपिताची चोरी मानली जात नाही. २०१६ च्या युरोपीय निर्देशात तर तसं लिहूनच ठेवलं आहे. पण पेटंटपुढे हा बचाव चालत नाही, आणि विक्रीच्या करारात मनाई असेल तर तो वेगळा वाद.

कॉपीराइटच्या बाजूने पळवाट नाही, पण प्रामाणिक वाट आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीमधला बायोस हा छोटा प्रोग्राम आयबीएमने तांत्रिक पुस्तिकेत चक्क छापला होता. म्हणजे गुपित काहीच नव्हतं. मात्र जो ते पान वाचेल त्याच्यावर नक्कल केल्याचा संशय येणार. कॉम्पॅक आणि मग फीनिक्स या कंपन्यांनी दोन गट केले. एकाने बायोस अभ्यासून तो ‘काय करतो’ एवढंच लिहिलं. दुसऱ्या गटाने मूळ ओळी कधी पाहिल्याच नव्हत्या. त्यांनी त्या वर्णनावरून नवा कोड लिहिला. याला क्लीन रूम म्हणतात. फीनिक्सचा बायोस १९८४ पासून इतरांना विकत मिळू लागला आणि आयबीएमशी जुळणाऱ्या संगणकांचा पूर आला. भिंत खरी होती हे कागदोपत्री दाखवता आलं तरच ही पद्धत वाचवते.

११. मग एपीआयची नक्कल करता येते का?

एपीआय म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून काम करून घेण्यासाठी ठरवलेल्या हाका. गुगलने अँड्रॉइडमध्ये जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या एपीआयच्या सुमारे ११,५०० ओळी घेतल्या. जावाची मालक असलेल्या ओरॅकलने २०१० मध्ये दावा लावला आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला एप्रिल २०२१ मध्ये, ६ विरुद्ध २ मतांनी गुगलच्या बाजूने. न्यायालयाने या ओळींना कॉपीराइट आहे की नाही हे ठरवलंच नाही. आहे असं धरून चाललं तरी हा वापर रास्त आहे, एवढंच सांगितलं. त्यामुळे या निकालाला सरसकट परवाना समजू नका.

१२. ओपन सोर्स म्हणजे कोणाचंच नाही, बरोबर?

चूक, आणि महागडी चूक. ओपन सोर्सला, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना वाचायला आणि वापरायला खुला असतो अशा सॉफ्टवेअरला, पूर्ण कॉपीराइट असतो. लेखकाने अटींवर परवानगी दिलेली असते. अट मोडली की परवानगी गेली. अमेरिकेत २००८ च्या जेकबसेन विरुद्ध कॅट्झर निकालाने हे पक्कं केलं. वाद होता खेळण्यातल्या रेल्वेच्या सॉफ्टवेअरचा, परिणाम सगळ्यांवर झाला.

अटी लायसन्सप्रमाणे बदलतात. एमआयटी लायसन्समध्ये लेखकाचं श्रेय आणि लायसन्सचा मजकूर टिकवला की झालं. जीपीएल या दुसऱ्या लायसन्समध्ये मात्र तो कोड मिसळून उत्पादन दुसऱ्यांना दिलंत, तर त्याचा सोर्सही द्यावा लागतो. २००३ मध्ये लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये जीपीएलखाली येणारं लिनक्स सापडलं. लोकांनी पाठपुरावा केला, कंपनीला सोर्स खुला करावा लागला, आणि त्यातून राउटरसाठीच्या खुल्या सॉफ्टवेअरचा ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. कुठला घटक कुठल्या लायसन्सवर आला याची यादी पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर करायला बसलात तर महिने जातात.

१३. मोठ्या कंपन्या हजारो पेटंट्स कशाला जमवतात? सगळी वापरतात का?

बरीचशी वापरत नाहीत. ती ढाल म्हणून असतात: तू माझ्यावर दावा लावलास तर मीही लावेन. बहुतेकदा शेवट परस्पर लायसन्समध्ये होतो. मोबाइल किंवा वायफायच्या मानकांत (सगळ्या उत्पादकांनी पाळायच्या सामायिक तांत्रिक नियमांत) बसलेल्या पेटंटचं गणित वेगळं. तिथे मालकाने सगळ्यांना वाजवी, भेदभाव नसलेल्या अटींवर लायसन्स देण्याचं वचन दिलेलं असतं आणि भांडण दराचं असतं.

ही ढाल एका ठिकाणी निकामी ठरते: समोरचा स्वतः काहीच बनवत नसेल तर उलट दावा लावायचा कशावर? ब्लॅकबेरी बनवणाऱ्या रिमने २००६ मध्ये एनटीपी या पेटंट बाळगणाऱ्या कंपनीला ६१.२५ कोटी डॉलर दिले, तेही पेटंट कार्यालय त्याच पेटंट्सची फेरतपासणी करत असताना. सेवा बंद पडण्याचा धोका त्यांना परवडणारा नव्हता. हे आम्हाला पेटंट व्यवस्थेचं खरं दुखणं वाटतं.

१४. नाव आणि रूप जपण्याला खरंच एवढी किंमत आहे?

आहे. अ‍ॅपल विरुद्ध सॅमसंगमध्ये ऑगस्ट २०१२ ला ज्युरीने सॅमसंगने अ‍ॅपलला द्यायची भरपाई १०५ कोटी डॉलर ठरवली. वाद वर्षानुवर्षं चालला, मे २०१८ मध्ये रक्कम ५३.९ कोटींवर आली आणि पुढच्याच महिन्यात तडजोड झाली. त्यातला मोठा भाग फोनच्या समोरच्या रूपाचा आणि आयकॉनच्या मांडणीचा होता.

नावाचा धोका उलट्या बाजूने येतो: ते फारच लोकप्रिय झालं तर. ‘एस्केलेटर’ हा ओटिस कंपनीचा ट्रेडमार्क होता; सरकत्या जिन्याचं ते सर्वसाधारण नावच होऊन बसलं आणि १९५० मध्ये हक्क गेला. ‘गुगल’ लोक क्रियापदासारखं वापरतात तरी २०१७ मध्ये अमेरिकेच्या अपील कोर्टाने तो ट्रेडमार्क राखला, कारण सर्च इंजिन म्हटलं की सगळीच ‘गुगल’ अशी लोकांची समजूत झाल्याचं सिद्ध झालं नव्हतं.

१५. एआयने लिहिलेला कोड किंवा लावलेला शोध कोणाचा?

एआयला शोधक म्हणून नोंदवण्याचा प्रयत्न अमेरिकेच्या अपील कोर्टात २०२२ मध्ये आणि ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात डिसेंबर २०२३ मध्ये फेटाळला गेला. शोधक माणूसच हवा. अमेरिकेत कॉपीराइटलाही मानवी लेखक लागतो. त्यामुळे माणसाने काय ठरवलं, काय बदललं, याची नोंद ठेवा.

नुसत्या माहितीच्या साठ्याचं संरक्षण अमेरिकेत दुबळं आहे: १९९१ च्या फाइस्ट निकालाने मेहनत घेतली म्हणून हक्क मिळत नाही असं ठरलं. युरोपात १९९६ पासून डेटाबेसला १५ वर्षांचा वेगळा हक्क आहे. प्रशिक्षित मॉडेलचे आकडे कंपन्या मुख्यतः गुपित म्हणूनच सांभाळतात (प्रश्न ७). आणि कृपा करून कंपनीचा गुप्त कोड बाहेरच्या चॅटबॉटमध्ये चिकटवू नका. त्या सेवेशी गोपनीयतेचा करार नसेल, तर ‘वाजवी काळजी घेतली’ हे सांगणं अवघड होतं.

१६. कंपनीच बुडाली तर तिच्या पेटंटचं आणि आमच्या लायसन्सचं काय?

पेटंट मरत नाही, विकलं जातं. नॉर्टेल ही कॅनडाची दूरसंचार कंपनी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. २०११ मध्ये तिची सुमारे ६,००० पेटंट्स आणि अर्ज अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्ट, सोनी आदींच्या गटाने ४५० कोटी डॉलरना घेतले. त्या लिलावात हरलेल्या गुगलने त्याच वर्षी १२५० कोटी डॉलरना मोटोरोला मोबिलिटी घेण्याचं जाहीर केलं. पेटंट्स हे त्याचं एक मोठं कारण होतं.

लायसन्स घेणाऱ्यांसाठी अमेरिकेने १९८८ मध्ये दिवाळखोरी कायद्यात दुरुस्ती केली. करार मोडीत काढला गेला तरी ठरलेले पैसे भरत राहून तंत्रज्ञान वापरता येतं. सगळ्या देशांत अशी सोय नाही. दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरवर तुमचा धंदा उभा असेल तर करार करतानाच सोर्स कोड तिसऱ्या विश्वासू संस्थेकडे ठेवायला सांगा. याला एस्क्रो म्हणतात: पुरवठादार बंद पडला किंवा देखभाल थांबली, तर तो कोड तुमच्या हाती येतो. आणि तिथे ठेवलेल्या कोडवरून प्रोग्राम खरोखर बांधता येतो का, हे वर्षातून एकदा तपासून घ्या.